नायलॉनच्या तलवारीवरून जुनी पोथी खोटी ठरवू नका

लाँगसोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची जुनी युरोपियन तलवार, शिकणाऱ्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: 'पोथीतलं हे तंत्र खऱ्या लढतीत चालत नाही.' माझं मत उलटं आहे. बहुतेक वेळा दोष पोथीत नसतो. तो हातातल्या साधनात आणि तोंडावरच्या मास्कमध्ये असतो.

आपल्याकडे मर्दानी खेळ वस्तादाकडून शिष्याकडे आला, कोल्हापुरात पट्टा आजही फिरतो. युरोपात लाँगसोर्डची ही साखळी मधेच तुटली. मागे राहिली हस्तलिखितं. योहानेस लिश्टेनाउअर या १४व्या शतकातल्या जर्मन गुरूच्या नावावर असलेल्या ओळी तर मुद्दाम गूढ ठेवलेल्या. अर्थ कळतो तो त्या ओळींवर नंतर भाष्य लिहिणाऱ्यांमुळे. रोममध्ये जपलेलं १४५२ चं हस्तलिखित त्यातलं महत्त्वाचं.

त्यातला पहिलाच मोठा वार घ्या, त्सोर्नहाउ. समोरचा त्याच्या उजव्या खांद्यावरून तिरका वार घालतो. तुम्हीही उजवा पाय पुढे टाकत, उजव्या खांद्यावरून तसाच तिरका वार घालायचा. पाती मध्येच भिडतात आणि तुमचं टोक त्याच्या तोंडासमोर येतं. इथे खरी विद्या सुरू होते. त्याचा दाब मऊ लागला, तर पातं न सोडता सरळ टोक तोंडात. त्याने जोर लावून तुमचं टोक बाजूला रेटलं, तर पातं त्याच्या टोकावरून वर काढून दुसऱ्या बाजूने डोक्यावर वार. तो ठाम अडून राहिला, तर मूठ वर चढवून आपल्या पात्याचा मुठीजवळचा भक्कम भाग त्याच्या टोकाकडच्या कमजोर भागावर वळवायचा आणि वरून भोसकायचं. यातलं काय करायचं ते डोळे ठरवत नाहीत, पात्यातून हातात येणारा दाब ठरवतो.

नवखा माणूस इथे वार माणसावर न घालता तलवारीवर घालतो. मग टोक रेषेबाहेर जातं आणि भोसकायला समोर काही उरतच नाही. पाऊल हातामागे रेंगाळलं तर वारात जोर नसतो, समोरचा सहज मध्ये घुसतो.

आता हेच नायलॉनच्या तलवारीने करून बघा. धारदार पाती भिडली की एकमेकांत किंचित रुततात, म्हणून क्षणभर थांबतात. बोथट पोलाद थोडं घसरतं. नायलॉन घसरतं आणि वर उसळतंही. दाब जाणवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पाती एकत्र राहतच नाहीत. त्यावरून 'दाब ओळखणं ही पुस्तकी कल्पना' असा निष्कर्ष काढणारे भेटतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

हातमोज्यांचंही तेच. त्स्वेर्खहाउ या आडव्या वारात अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर, खालून टेकवायचा असतो. जाड मिटनमध्ये, म्हणजे बोटं एकत्र झाकणाऱ्या हातमोज्यात, तो तिथे नीट बसत नाही, मनगट वळत नाही, धार तिरकी लागते. आणि मग आडवा वार 'कमजोर' ठरतो.

सगळ्यात मोठी गडबड मात्र मास्कमागे भीती गेल्यामुळे होते. दोघंही एकाच वेळी वार घालतात, दोघांनाही लागतो, दोघंही हसतात. खऱ्या धारेसमोर असं कोणी केलं नसतं. स्पर्धांनी यावर उपाय शोधले आहेत: वार लागलेल्याला लगेच एक प्रतिवार देऊन समोरच्याचे गुण कापायची मुभा, किंवा दुहेरी वार ठरावीक संख्येवर गेले की दोघंही बाद. मला दुसरा नियम जास्त पटतो. पहिल्यात काही हुशार मंडळी प्रतिवाराचीच वाट बघत उभी राहतात.

हा आजार आजचाही नाही. १५७० मध्ये स्ट्रासबुर्गला योआखिम मायर या तलवारगुरूचा ग्रंथ छापला गेला, तोवर जर्मन आखाड्यांत लाँगसोर्डने भोसकण्याची प्रथा मागे पडली होती. सरावाच्या नियमांनी विद्येला तेव्हाही वळण दिलंच होतं.

मग करायचं काय? पाती भिडवण्याचा सराव पोलादी फेडरनेच, म्हणजे सरावाच्या बोथट तलवारीनेच करा; साधारण १.३ ते १.५ किलोची पुरते. वेग निम्मा, मास्क आणि हलके हातमोजे. दाब मऊ, कडक की ठाम, हे समोरच्याने आधी सांगायचं नाही. पूर्ण वेगाची लढत वेगळी ठेवा, तिथे मात्र जाड मिटन हवेतच. भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापणं चांगलं, पण त्यातून धारेची दिशा तेवढी कळते, लढता येतं की नाही ते नाही.

खरेदीबद्दल एवढंच. फेन्सिंगचा मास्क डोक्याची मागची बाजू झाकत नाही, तिथलं आवरण वेगळं घ्या, गळ्याचंही. जॅकेटवरचा ३५० किंवा ८०० न्यूटन हा आकडा टोक आरपार न घुसण्याबद्दलचा आहे, माराबद्दलचा नाही. हाडांवर टणक पॅड लागतातच. पैसे कमी असतील तर जॅकेटच्या दिसण्यावर वाचवा, हातमोज्यांवर नको. या खेळात बोटंच सगळ्यात जास्त मोडतात, त्यातही अंगठा.