‘केबिनमध्ये बसून ज्ञान पाजळणं सोपं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘ऑफिसातला वेळ जातो कुठे?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. नोकरदाराचा वेळ त्याच्या हातात नसतोच, तेव्हा वेळेच्या नियोजनाचे असले सल्ले पुस्तकी, असा तिचा सूर. दोनदा वाचली. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, पण खाली अकरा जणांनी तिला अंगठा दिलेला दिसला. आता गप्प बसलो तर ती कबुलीच ठरायची.

आधी माझी चूक. पार्किन्सन यांना मी अर्थतज्ज्ञ म्हटलं होतं. ते इतिहासकार, नौदलाच्या इतिहासाचे अभ्यासक. जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगतं, हा त्यांचा नियम १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये छापून आला, त्या नावानं माझी गल्लत झाली. दुरुस्ती केली आहे, आभार. भाचीला एक पोस्टकार्ड लिहिण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या आजीबाई मात्र त्यांच्याच लेखातल्या आहेत. ‘असली माणसं कुठल्या ऑफिसात असतात?’ हा टोमणा त्यांच्या खाती लिहावा.

आता ते वाक्य. ‘केबिनमध्ये बसून ज्ञान पाजळणं सोपं असतं.’ मतभेद असू द्या की, पण पाजळणं? ओळख ना पाळख, आणि मी केबिनमध्ये बसतो हे आपल्याला सांगितलं कुणी?

माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. टेबल दाराला लागून. येणारा प्रत्येक माणूस आधी मलाच विचारणार : साहेब आहेत का, माझी फाईल कुठवर आली, स्टेपलर आहे का. रजिस्टर उघडून तीन ओळी लिहाव्यात, तोवर समोर कुणीतरी उभं. त्याला वाटेला लावून परत वळावं तर क्रमांक चुकलेला. एक काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं की मन थोडं मागच्या कामातच रेंगाळतं, असं सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये मांडलं. लेखातला तो दाखला तुम्हाला ‘पुस्तकी’ वाटला. मी तो खाडाखोड केलेल्या रजिस्टरात आधीच वाचला होता.

मग दोन आठवडे मी एका वहीत नुसत्या रेघा मारल्या. कोण आलं, काय विचारलं. निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच : फाईल कुणाच्या टेबलावर आहे? रोज सकाळी तेवढा तक्ता लिहून दारावर लावायला लागलो, आणि ११ ते १२ फक्त नोंदी, दुसरं काही नाही, असं साहेबांना विचारून ठरवून घेतलं. हो, विचारून. लगेच म्हणाल, ‘म्हणजे साहेब चांगला होता.’ मुळीच नव्हता. चुकलेल्या क्रमांकांपायी त्याला वरून बोलणी बसत होती, म्हणून तयार झाला. पण मी विचारलं! तुम्ही कधी विचारून पाहिलंत?

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विसावा, या पोमोडोरो पद्धतीला तुम्ही ‘कॉलेजच्या पोरांचा खेळ’ म्हणालात. ती काढणारे फ्रान्चेस्को चिरिल्लो तेव्हा विद्यार्थीच होते, समोर टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर. मग? त्यात कमीपणा कसला?

उरलेला तुमचा मुद्दा, म्हणजे मीटिंग एकानं लावायची, मुदत दुसऱ्यानं ठरवायची आणि वेळेचं नियोजन मात्र आपण करायचं, हा मोठा विषय आहे. त्यात इथे शिरत नाही. रात्री येणाऱ्या मेसेजांचंही तेच. कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून कायद्यानं दिला, हे मलाही ठाऊक आहे. पण माझा लेख ऑफिसातल्या वेळेवर होता, घरच्या नव्हे.

एक मात्र सहज विचारतो. तुमची प्रतिक्रिया मंगळवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी आली आहे, चांगली सव्वातीनशे शब्दांची. ज्याचा वेळ स्वतःच्या हातात नाही त्याला हे जमलं कसं? (रजेवर असाल तर शब्द मागे घेतो.)

आणि हो, पुढचा लेख मीटिंगांवर आहे. तो तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीच ठरला होता.