स्टिल्टमधला रंगारी

आमच्या गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या दाराच्या हँडलखालून निघून थेट पेट्रोलच्या झाकणापर्यंत गेलेला एक ओरखडा होता. कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. संशयित पुष्कळ. मुलुंडमध्ये अशा प्रकरणात पहिलं नाव रिक्षाचं घ्यायची पद्धत आहे. (दक्षिण मुंबईकरांचं बरं असतं. माहीम-सायनच्या पलीकडे रिक्षाला परवानगीच नाही, त्यामुळे त्यांना आरोपी दुसरे शोधावे लागतात.) मग स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, सायकल शिकणारी पोरं, पार्सल घेऊन येणाऱ्यांच्या बाइक, शेजारच्या गाडीचं दणकन उघडणारं दार. आणि सगळ्यात निरागस चेहऱ्याचा संशयित म्हणजे पहाटे गाड्या पुसणारा पोरगा. तो एका बादलीत, एका फडक्याने अख्खी विंग पुसतो. पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीपर्यंत इमानेइतबारे पोचते. पण त्या फडक्याने उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेघा पडतात. अशी सरळ, ठाम रेघ त्याच्या हातची नव्हे. त्याला निर्दोष सोडला.

गॅरेजवाल्याने ओरखड्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, जिथे काही झालेलं नव्हतं अशा दोन ठिकाणी बोट ठेवून "ये भी है" म्हणाला, आणि निकाल दिला, "दरवाजा पूरा मारना पडेगा साब. क्वार्टर भी. नहीं तो शेड का फरक दिखेगा."

"पण रेघ तर एवढीशी आहे."

"रेघ का कुछ नहीं होता. पॅनल का होता है."

क्वार्टर म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा. तो खोटं बोलत नव्हता. मेटॅलिक रंगात बारीक चकाकते कण असतात, ते कसे पडतात त्यावर शेड ठरते, आणि मधेच एक पट्टी मारली की ती दुरून ओळखू येते. पण आकडा ऐकून घरी आलो. बायको म्हणाली, "क्लेम कर ना, हप्ता कशाला भरतो आपण?" ती विचारते तेव्हा फार तर्कशुद्ध वाटतं. पण नो क्लेम बोनस नावाची एक गोष्ट आहे. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षानंतर विम्याच्या हप्त्यातल्या, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या भागावर २० टक्के सूट, आणि सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर ती चढत चढत ५० टक्क्यांवर जाते. एक ओरखडा क्लेम केला की पुन्हा शून्य. पन्नास टक्क्यांवर पोचलेला मराठी माणूस क्लेम करत नाही. तो व्हिडिओ बघतो.

त्या व्हिडिओतल्या माणसांना स्वतःचं गॅरेज असतं. पांढराशुभ्र उजेड, भिंतीवर टांगलेली हत्यारं, आणि मुख्य म्हणजे एकांत. आमचं घर सहाव्या मजल्यावर आणि गाडी खाली खांबांच्या मधे. पाणी बादलीने न्यायचं, कारण पाइप लावून गाडी धुवायला सोसायटीची बंदी. आणि दिवे सेन्सरवाले. वीज वाचवायला बसवलेत. खाली काही हललं की लागतात, नाही तर विझतात. या सेन्सरला गाडी कळते, मांजर कळतं, पण स्टुलावर बसून नुसतं मनगट हलवणारा माणूस कळत नाही. त्यामुळे दर थोड्या वेळाने अंधार होणार आणि आपण दोन्ही हात वर करून हलवणार. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, याला मदत हवी आहे. तो येतो.

आधी नखाची चाचणी. गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजे एकावर एक ठेवलेले माणसाचे दोन केस. क्लिअर कोट त्यातला ४०-५० मायक्रॉनचा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही, तर जखम क्लिअर कोटमधली, घासून निघेल. अडकलं, तर खाली रंग भरावा लागेल. आमची रेघ बहुतेक सगळी वरवरची निघाली. फक्त हँडलखाली बोटभर जागेत नख खच्चकन अडकलं आणि आतून फिकट प्रायमर डोकावला. सगळा मामला एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शातला, आणि त्यासाठी दोन पॅनल!

मुहूर्त दसऱ्याच्या आधीचा ठरला. पूजेला गाडी नीट दिसली पाहिजे, हा वरून आलेला हुकूम. शिवाय पावसाळ्यात टचअपचा रंग लावण्यात अर्थ नसतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. पावसाने उघडीप दिली तशी मी ऑपेरा हाउसच्या गाडीबाजारातून टचअपची बाटली आणि घासून चमक आणणारं कंपाउंड आणलं. तिथे "करडा द्या" म्हणून चालत नाही. करड्यात घराणी आहेत. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याचा फोटो दाखवला तेव्हा बाटली मिळाली.

पॉलिश पेपर मात्र गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडून. "दोन हजार नंबर" म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे कोणी जाणतं माणूस उभं आहे का ते बघितलं. "दीवार का काम है ना? अस्सी ले जाओ, जल्दी होगा." या कागदात आकडा जितका मोठा तितकी धार बारीक. ऐंशी नंबरने जल्दी झालं असतं यात शंका नाही. पत्र्यापर्यंत जल्दी झालं असतं.

रविवारी सकाळी बादली, स्टूल आणि जुना बनियन घेऊन खाली बसलो. रस्त्यात जेसीबी चालू असला की माणसं हातातली पिशवी खाली ठेवून जशी बघत उभी राहतात, तशी आमची सोसायटी उभी राहिली. पहिले आले ते बँकेतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका.

"हप्ते फिटले का रे?"

"नाही काका, अजून दीड वर्ष आहे."

"मग बँकेची गाडी आहे ती. तू कशाला घासतोयस?"

मग बी विंगच्या काकू. "अरे, कोलगेट लाव. माझ्या भावाने लावलं होतं नाशिकला, गेला ओरखडा." काकूंचं अगदीच चूक नव्हतं. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड असते, ती थोडं घासते, वरवरचे डाग जातातही. नख अडकणाऱ्या जागी मात्र फक्त पुदिन्याचा वास भरला जातो. वॉचमनचा सल्ला तेलाच्या स्प्रेचा: "मारो साब, लाइन गायब!" तेल खाचेत भरतं, रेघ खरंच गायब होते आणि पहिल्या पावसाला परत हजर होते.

सगळ्यांनी हसण्यावारी नेला तो चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येचा नेलपॉलिशचा सल्ला. मला मात्र तो घराण्याचा वाटला. नेलपॉलिश मुळात नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं रोगण. आणि ड्यूपाँट कंपनीने १९२३ साली गाड्यांसाठी ड्युको नावाचा जो रंग बाजारात आणला, तोही नायट्रोसेल्युलोजचाच. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्युकोने ते काम तासांवर आणलं आणि रंगीत गाड्यांचे दिवस आले. आपले सुतार कपाटाला "ड्युको मारतो" म्हणतात ते तेच नाव. अडचण एवढीच की तिच्याकडच्या शेड्समध्ये आमचा करडा नव्हता. होता त्याला चकाकी जास्त होती.

सेक्रेटरी आले ते सल्ला न देता बादलीत डोकावले. "पाणी टँकरचं आहे, माहितीये ना?" आणि जाता जाता, "कमर्शियल नाही ना हे?"

टचअपच्या बाटलीच्या झाकणातला ब्रश हा विनोद आहे. त्याने ओरखडा भरतो आणि ओरखड्याचा शेजारही. मी टूथपिक घेतली. बाटली हात भरून येईपर्यंत हलवायची, टोकावर थेंब घ्यायचा आणि खाचेत नुसता टेकवायचा; रंग आपणहून आत पसरतो. पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा थर. शेवटी त्यावर क्लिअर कोट. वाळल्यावर जागा मुद्दाम किंचित उंच राहिली पाहिजे, म्हणजे घासून सपाट करता येते. एका बोटभर जागेसाठी पुढचा रविवार उजाडला.

मग दोन हजारचा भिजवलेला कागद, पाण्यात शॅम्पूचा थेंब, आणि फुलासारखा वगैरे नव्हे, पण बेताचा हात. गाडीवरून दुधी पाणी ओघळायला लागतं. ते पांढरं आहे तोवर आपण क्लिअर कोटमध्येच आहोत. त्यात गाडीचा रंग उतरला की हात उचलायचा. माझं पांढरंच होतं. पण घासलेला भाग काचेवर वाफ धरावी तसा मंद, आंधळा होतो. नेमकी तेव्हाच बायको दूध घेऊन आली.

"रंग गेला."

"रंग आहे. चमक यायचीय."

"कधी?"

दिवा विझला. मी हात हलवले.

चमक कंपाउंडने येते. बनियनच्या घडीवर वाटाण्याएवढं घ्यायचं आणि गोल गोल, खांदा बोलायला लागेपर्यंत. इथे मात्र गंमत आहे. छतावरच्या ट्यूबचं प्रतिबिंब आधी नुसता धुरकट पट्टा असतो. मग त्याला कडा येतात. मग ट्यूबच्या टोकाशी छापलेली कंपनीची अक्षरं उलटी वाचता येतात. रेघ गेली होती. हँडलखाली, माहीत असलं तरच दिसेल असा किंचित गडद ठिपका राहिला, कारण टेकवून लावलेल्या मेटॅलिकचे कण फवाऱ्यासारखे आडवे झोपत नाहीत. दाराच्या काळ्या रबरात शिरलेलं कंपाउंड मात्र वाळून पांढरं झालं. ते काढायला जुना टूथब्रश आणि ओरखड्याहून जास्त वेळ लागला. आधी मास्किंग टेप लावायची असते. व्हिडिओत सांगतात ते, पण अगदी शेवटी.

एक प्रश्न मिटला की दुसरा निघतो. घासलेला भाग इतका लखलखत होता की बाकीची गाडी मळकी दिसू लागली. काकांनी लांबूनच ओळखलं. "ॲक्सिडेंट झाला होता का रे? एवढंच दार नवीन दिसतंय." दसऱ्याला बायकोने कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढलं, झेंडूचा हार घातला आणि विचारलं, "उरलेली कधी?"

पेढ्यांचा बॉक्स घेऊन बी विंगच्या काकूंकडे गेलो, तर त्या वाटच बघत होत्या.

"बरं झालं आलास. आमच्या फ्रिजच्या दारावर पातेलं घासून ओरखडा गेलाय. होईल का रे तुझ्याच्याने?"

"नख अडकतं का त्यात, काकू?"

"नखं कालच कापली. तूच ये आत आणि बघ. चहा टाकते."