ग्रामपंचायत गेली, पण ग्रामसभा परत आणायची आहे

मी पुणे महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष अर्ज भरलाय, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. गेले आठ दिवस दारोदार फिरतेय आणि बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो, "ताई, निवडून आलात तर करणार काय?" उंबऱ्यावर उभं राहून दोन मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक जुना प्रसंग सांगते. माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती, शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या. बायका मागे, भिंतीला टेकून. हिशेब वाचून झाले आणि माझ्या सासूबाई पदर सावरत उठल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, सभेत आधी कधीच न बोललेल्या. म्हणाल्या, "विहिरीत रोज पावडर पडते म्हणता, मग आठ दिवस पाण्याला वास कसा नाही?" ग्रामसेवकांनी वही मागवली. पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाने ओटी टेस्टच्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणाऱ्या तपासणीच्या, नोंदी सगळ्यांसमोर वाचल्या. चार दिवस कोरे होते. कुणी आरडाओरडा केला नाही. तिथल्या तिथे ठरलं, की टेस्टचा निकाल दर सोमवारी पंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. तो पुढे कित्येक वर्षं लिहिला गेला. पाण्याला जाणाऱ्या बायका जाता-येता फळा वाचायच्या.

३० जून २०२१ ला आपल्यासह २३ गावं पुणे महापालिकेत गेली आणि पंचायती बरखास्त झाल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. मधल्या काळात आपण कुणालाच निवडून दिलं नाही. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये आदेश दिले, तेव्हा कुठे निवडणुका लागल्या. या गावांतून महापालिकेसाठी आपण पहिल्यांदाच मत देणार आहोत, हे लक्षात घ्या. प्रशासकाच्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, रस्ते झाले, दिवे लागले. पण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. उठून प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती.

याच काळात जानेवारी २०२५ आला. जीबीएस, म्हणजे गुलियन-बारी सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा नसांचा आजार. दूषित पाण्यावर संशय होता. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, सिंहगड रस्त्याचा सगळा पट्टा बातम्यांत होता. पुणे परिसरात दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले, काही माणसं गेली. धडधाकट माणसाला सकाळी पाय उचलता येईनात, असं आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत सासूबाई रोज पाणी उकळायच्या आणि रोज एकच म्हणायच्या, "फळा असता तर आधी कळलं असतं." आधी कळलं असतं का, मला सांगता येत नाही. पण मी अर्ज भरला त्यामागे हे वाक्य आहे.

म्हणून माझं पहिलं काम पाण्याचा फळा. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, असं प्रमाण आहे. तो आहे की नाही, हे दोन मिनिटांत तपासता येतं. टाकीवर तपासून भागत नाही, शेवटच्या घराच्या नळावर तपासावं लागतं, कारण पाइप मध्ये फुटलेला असला तर घाण मध्येच शिरते. हा निकाल दर आठवड्याला प्रत्येक वस्तीत फळ्यावर लिहिला जावा. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही.

दुसरं काम क्षेत्रसभा. हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. त्याच्या खालची पायरी महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात २००९ साली आली, कलम २९ब पासून पुढे. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभेचे सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. शहरातली ग्रामसभाच म्हणा. ही कलमं बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. मी निवडून आले तर दर तीन महिन्यांनी क्षेत्रसभा घेईन. सरकारी पातळीवर ती रीतसर होईपर्यंत थांबणार नाही, माझ्या जबाबदारीवर घेईन. कनिष्ठ अभियंत्यांना आणि आरोग्य निरीक्षकांना बोलवीन. ते आले नाहीत तर तुमचे प्रश्न लिहून घेऊन त्यांच्या टेबलापर्यंत नेईन आणि पुढच्या सभेत उत्तर वाचून दाखवीन.

पैशांचंही बोलते. पुण्यात नगरसेवकाच्या हातातल्या निधीला 'स यादी' म्हणतात. या यादीतून काय काय होतं ते शहरात फिरलं की दिसतं: बाकडी, कमानी, कापडी पिशव्या, नावाचे फलक. माझी स यादी क्षेत्रसभेत ठरेल आणि माझं नाव एकाही बाकड्यावर नसेल. शिवाय २००६ पासून पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवण्याची सोय आहे. तो अर्ज भरायला मी घरोघरी मदत करीन. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचे पैसे उधळायला त्यांनी विरोध केला आणि ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. या गावाच्या पैशाबद्दल मलाही तसंच वाटतं. आधी पाणी, मग गटार, मग अंगणवाडीचं छप्पर. कमान नकोच.

आता जे मनाला सगळ्यात जास्त लागतं ते. आपल्याकडे 'गाववाले' आणि 'सोसायटीवाले' अशी दोन गावं झालीत. गाववाल्यांना वाटतं, हे आले आणि पाणी संपलं. सोसायटीवाल्यांना वाटतं, आम्ही कर भरतो आणि टँकरचेही पैसे देतो, आम्हालाच बोलणी का? दोघांच्या घरी येणारा टँकर एकच असतो, पण दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. कचरा उचलणारी ताई मात्र दोन्हीकडे जाते आणि दोन्हीकडचं सुखदुःख तिला माहीत असतं. मला या दोघांना एका सतरंजीवर बसवायचंय. त्यासाठी एक साधी जागा हवी: सकाळी बालवाडी, दुपारी ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका. गावच्या भजनी मंडळाला सोसायटीतली बाई पेटीवर साथ करतेय, असं मी गणपतीत पाहिलंय. हे होऊ शकतं.

जे माझ्या हातात नाही तेही सांगते. महापालिकेत १६५ नगरसेवक असतील, मी त्यातली एक, तीही अपक्ष. मोठा रस्ता, मेट्रो, धरणातला पाण्याचा कोटा, हे मी एकटी आणू शकत नाही. मुख्यसभेत मागत राहीन, वचन देणार नाही.

आणि मतदानाचं. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत, त्यामुळे प्रत्येकाला चार मतं द्यायची आहेत. चारही एकाच पॅनलला द्यावी लागतात असा समज पसरवला जातोय. तसं नाही. प्रत्येक जागेसाठी वेगळा विचार करा, पण चारही बटणं दाबूनच बाहेर या.

रविवारी संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकून बसतोय. गाववाले या, सोसायटीवाले या. ओटी टेस्टचं किट आणलंय. येताना आपापल्या नळाचं पाणी छोट्या बाटलीत भरून आणा, बाटलीवर गल्लीचं किंवा इमारतीचं नाव लिहा. फळा सासूबाईंनी कालच रंगवून घेतलाय.