लाल कॅम्बर आणि आतून खाल्लेले टायर: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: स्प्रिंग बदलून गाडी खाली केली आणि स्वस्तात अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) होईल म्हणून आमच्याकडे आलात. पहिल्या दिवशी आम्ही अर्धवट काम करून पुन्हा यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला नुसता टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) सेट केला, आणि हातात दिलेल्या प्रिंटआउटवर पुढचे दोन्ही कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर झुकतं तो कोन) लालच, म्हणजे मर्यादेबाहेरच होते. आता पुढचे नवे टायर आतून खाल्लेले दिसतायत आणि दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला सांगितलंय की कॅम्बर बदलायचं किट टाकल्याशिवाय हे थांबणार नाही.

नवे टायर असे गेले की राग येणारच. पण तुम्ही आता किटवर पैसे घालायच्या बेतात आहात, आणि खाली केलेल्या गाड्या घेऊन येणारे इतर लोकही हे वाचतात. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टायरचं बोलू, कारण खरं नुकसान तिथेच झालंय. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा गाडी मशीनवर घेतल्यावर पुढचा टोटल टो ५० मिनिटं बाहेर होता. म्हणजे प्रत्येक चाक साधारण २५ मिनिटं बाहेरच्या बाजूला तोंड करून चाललं होतं. एका अंशात ६० मिनिटं असतात, त्यामुळे २५ मिनिटं किरकोळ वाटतात. हिशोब मांडला तर चाकाचं तोंड आणि गाडीची वाट यांत दर किलोमीटरला सात मीटरच्या वर फरक पडतो. तो फरक टायर आडवा घासून भरून काढतो. माणसानं पाय फेंगडे टाकत मैलोन्‌मैल चालावं आणि चपलेची एकच कड झिजावी, तसं हे आहे. स्प्रिंग बसवल्यावर अलाइनमेंट न करताच लांबचा प्रवास करून आलो, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्या दिवशीच्या जॉबकार्डावर ‘पुढचे दोन्ही टायर आतून झिजलेले, पाकळ्या उठलेल्या’ अशी नोंद आहे आणि खाली तुमची सही आहे.

पाकळ्या उठलेल्या म्हणजे काय, ते आमच्याकडे काम करणाऱ्या मुलानं तुमचा हात धरून दाखवलं होतं. तळवा टायरवर आडवा फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला की प्रत्येक खाचेची कड हाताला टोचते. ही टो बिघडल्याची खूण. नुसत्या कॅम्बरमुळे झिजलेला टायर आतल्या कडेकडे उतरता होत जातो, पण हाताला दोन्हीकडून सारखाच लागतो. तुमच्या टायरला टोचत होतं. आणि एकदा झिजलेलं रबर टो सुधारल्यानं भरून येत नाही, त्यामुळे फोटोत तुम्हाला दिसतंय ती आतली कड आधीचीच आहे. त्यानंतर ती किती वाढली हे डोळ्यांनी ठरवू नका. खाचेची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजली की लगेच कळेल. जॉबकार्डावर तेव्हाचे आकडे आहेतच.

गाडी खाली केली की टो का बिघडतो, हे फिटिंग करणाऱ्यानं सांगायला हवं, पण बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. स्प्रिंग आखूड झाली की बॉडी खाली येते आणि खालच्या आर्मचं (चाक बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक वर उचललं जातं. टाय रॉडचंही, म्हणजे स्टिअरिंगनं चाक वळवणाऱ्या दांडीचंही, टोक वर जातं. पण दोघांची लांबी वेगळी आणि दोघं फिरतात तो बिंदूही वेगळा. दोन टोकं दोन वेगळ्या कमानींतून वर जातात, आणि त्यांच्या फरकाइतकं चाक आत किंवा बाहेर वळतं. आत की बाहेर, ते स्टिअरिंगची रॅक (टाय रॉड सरकवणारी पट्टी) चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे, यावर बरंचसं ठरतं. शिवाय स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरचा उभा खांब) असलेल्या गाडीत चाकाचं वरचं टोक थोडं आत झुकतं, तोच निगेटिव्ह कॅम्बर. म्हणजे दोन्ही कोन एकाच वेळी बदलतात, पण टायरचा कर्दनकाळ टो आहे.

आता लाल आकड्यांकडे येतो. मशीनमध्ये गाडीचं मॉडेल निवडल्यावर जी मर्यादा येते ती कंपनीच्या मूळ उंचीची असते. तुमची गाडी आता त्या उंचीवर नाही, मग कॅम्बर लाल येणं ठरलेलंच. तुमच्या प्रिंटआउटवर डावा कॅम्बर निगेटिव्ह १ अंश ३५ मिनिटं आणि उजवा निगेटिव्ह १ अंश २० मिनिटं आहे. दोन बाजूंत फक्त १५ मिनिटांचा फरक आहे, म्हणून गाडी एका बाजूला ओढत नाही. हा फरक अर्ध्या अंशाच्या पुढे गेला असता किंवा कॅम्बर दोन अंशांच्या वर असता, तर कॅम्बर बोल्ट टाका असं मीच म्हटलं असतं. दीड अंशाच्या आसपास, टो बरोबर असेल आणि पुढचे-मागचे टायर वेळेवर अदलाबदल केले, तर आतली बाजू थोडी लवकर जाते, पण टायर वाया जात नाही. ते दोन आकडे हिरवे करायला लागणारा खर्च अलाइनमेंटच्या खर्चाच्या कितीतरी वर जातो. तुम्ही पहिल्याच फोनवर ‘बजेट कमी आहे’ म्हणाला होतात. म्हणून किट विकलं नाही, आणि आजही विकणार नाही.

कॅम्बर बोल्टबद्दल एक सांगतो. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढून त्या जागी मधे बारीक दांडीचा, एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला, फिरवला की कोन बदलणारा) बोल्ट येतो. गरज असेल तिथे चांगली वस्तू आहे. पण तो दिलेल्या टॉर्कनंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळावा लागतो. ढिला राहिला तर खड्ड्यात जागचा सरकतो आणि कॅम्बरबरोबर टोही बिघडतो. कुणाकडूनही बसवून घ्या, पण त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट करायलाच लागते, हे विचारून घ्या. तुम्हाला सांगितलेल्या किटच्या पैशात ती धरली होती का, तेही विचारा.

मागच्या चाकाचा एक लाल आकडाही तुम्ही लिहिलाय. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा आहे. त्याला कॅम्बर किंवा टो फिरवायला जागाच नसते, शिम (पातळ पत्री) घालूनच थोडंफार करता येतं. बीम असलेली गाडी दोन्ही बाजूंनी सारखी खाली केली तर मागचे कोन फारसे हलत नाहीत. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी चालतात तो कोन) मर्यादेत होता, स्टिअरिंग सरळ होतं. तिथे पैसे घालायचं कारण मला दिसलं नाही.

दोन खेपा का घातल्या, तेही सांगतो. पहिल्या दिवशी गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा खालच्या आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळलेले दिसले. हे खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही: गाडी चाकांवर उभी केली की आर्मच्या सांध्यातला रबरी बुश पिळलेला दिसतो. तसा आवळला की बुश स्वतःच स्प्रिंगसारखा उलटा जोर देतो, गाडी पूर्ण खाली बसू देत नाही, आणि पुढे फाटतो. आम्ही चाकांवर वजन असताना ते बोल्ट ढिले केले, गाडी दाबून खाली बसवली आणि पुन्हा आवळले. त्यानंतर उंची बदलली. नव्या स्प्रिंगही पहिले काही शे किलोमीटर बसत जातात. अशा वेळी पक्कं अलाइनमेंट करून पूर्ण पैसे घेणं मला पटत नाही, कारण उंची बदलली की ते पुन्हा बिघडतं. म्हणून त्या दिवशी टायर खाल्ला जाऊ नये इतका टो जागेवर आणला, पैसे घेतले नाहीत, आणि गाडी चालवून पुन्हा या म्हटलं. बिल फक्त दुसऱ्या खेपेचं आहे, आणि त्यात बुशचं कामही धरलंय.

‘नुसता टो तर कुणीही करतो’ असं तुम्ही लिहिलंय. करतात, आणि स्वस्तात अलाइनमेंट हवी असेल तर तेच करून घ्यावं. पण त्याआधी टायरची हवा, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंगचा खेळ बघावा लागतो. ढिल्या टाय रॉड एंडवर सेट केलेला टो पहिल्याच खड्ड्यापर्यंत टिकतो. तुमच्या गाडीचे सगळे जॉइंट घट्ट होते. डाव्या टाय रॉडचा लॉकनट मात्र गंजून जॅम झाला होता, तो सोडवण्यात वेळ गेला. शेवटी स्टिअरिंग सरळ करून लॉक केलं आणि टोटल टो ५ मिनिटं आत ठेवला.

आता पुढे काय करायचं. टायर लगेच फेकू नका. बाहेरच्या कडेवर अजून बरंच रबर आहे. तुमच्या टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं नसेल तर ते रिमवर उलटवून बसवता येतात, म्हणजे झिजलेली कड बाहेर येते आणि चांगली कड आत जाते. दिशेचा बाण असलेले टायर असतील तर उलटवून डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवावा लागतो. ‘आउटसाइड’ लिहिलेला टायर मात्र उलटवू नका. आणि आतल्या कडेला झीज-खुणेपर्यंत खाच उतरली असेल किंवा तारा दिसत असतील, तर टायर बदलायलाच लागेल, त्यात काटकसर करू नका.

गाडी घेऊन या. टायर उलटवून बॅलन्सिंग करून देऊ आणि मशीनवर टो पुन्हा तपासून देऊ. तपासणीचे पैसे लागणार नाहीत, टो सरकलेला असेल तर सेट करायचेही नाही. दुसऱ्या ठिकाणचा प्रिंटआउट असेल तर आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघू. निघण्याआधी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. डिकीत जड सामान असेल तर आधी काढा. आमच्याकडे शेवटच्या खेपेची मापं लिहिलेली आहेत. त्यापेक्षा गाडी अजून बसली असेल तर टो का हलला ते तिथेच कळेल. पुढचा बंपर रॅम्पला घासू नये म्हणून फळ्या लावून ठेवतो, फक्त येण्याआधी अर्धा तास फोन करा.