कोकम एक, साखर दोन, डोकं शून्य

कौलांवर बदाबदा पाऊस, विजेचा पत्ता नाही आणि पुढ्यात सहावीतलं पोरगं 'गुणोत्तर-प्रमाण' उघडून बसलेलं. याहून मोठा तिढा कोकणात मला तरी ठाऊक नाही. ज्या घरात आजी न बघता वाटीभर पिठीला वाटीभर पाणी घालून मोदकाची उकड काढते, त्याच घरात दोन आकड्यांमध्ये दोन टिंबं आली की सगळ्यांची वाचा बसते.

माझ्या मते घोळ एका शब्दाचा आहे. गुणोत्तर विचारतं 'किती पट?' आणि पोरं ऐकतात 'किती जास्त?'

अमृत कोकम घ्या. एक किलो सालींना दोन किलो साखर, म्हणजे १:२. मग पाच किलो सालींना साखर किती? पोरगं ठामपणे सांगतं, "सहा! तिकडे चार वाढले, इकडेही चार वाढवले." चार किलो साखर वाचली म्हणून हुरळू नका. साखर कमी पडली की पाक टिकत नाही, आंबतो, आत वायू धरतो आणि गणपतीत पाहुण्यांसमोर बाटलीचं बूच थेट वाशाला जातं. चुकलेल्या बेरजेचा एवढा मोठा आवाज दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. त्यापेक्षा तक्ता मांडा: १ ला २, २ ला ४, ३ ला ६, ५ ला १०. दर ओळीत साखर भागिले साली दोनच यायला हवेत. ६ ÷ ५ म्हणजे १.२, बूच उडणारच.

मग बरणीचा खड्डा. साली-साखर मिळून ९ किलो हवं. १:२ दिसलं की पोरं 'अर्धं कोकम' लिहून मोकळी होतात. अरे, भाग मोज! एक नि दोन, तीन. ९ ÷ ३ = ३, म्हणून साली तीन किलो, साखर सहा.

किलोला किलोने भागलं की किलो कटतात, म्हणून गुणोत्तराला एकक नसतं. पण म्हणून मापात ढिलाई चालत नाही. आजीचं १:१ वाटीचं आहे, वजनाचं नव्हे. वाटीभर पिठी वाटीभर पाण्यापेक्षा हलकी. दोन्ही काट्यावर सारखी तोललीत तर पाणी कमी पडतं आणि मोदकाच्या पाऱ्या भेगाळतात.

दराला मात्र दोन जातींची एककं लागतात. आंब्यांची पाच डझनांची पेटी ३००० रुपये, चार डझनांची २६००. पोराला दुसरी स्वस्त वाटते, कारण नोटा कमी. एका डझनावर या: ६०० आणि ६५०. फळ केवढं, हे दर सांगत नाही. ते पेटी उघडून बघायचं.

हे सगळं जुनंच आहे. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी त्रैराशिक, म्हणजे तीन आकड्यांवरून चौथा काढायची रीत, दिलंय: प्रमाण, फल, इच्छा. प्रमाण आणि इच्छा एका जातीचे, फल वेगळं; फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. ५ डझन, ३००० रुपये, २ डझन: ३००० × २ ÷ ५ = १२००. पोराची खरी इच्छा या मांडणीत कुठेच बसत नाही. ती अंगणात बॅट घेऊन उभी असते.

आणि एवढं पाठ झालं की पोरगं दिसेल तिथे त्रैराशिक लावत सुटतं. फणसाची पाच साठं, म्हणजे रस पसरून उन्हात वाळवायच्या पोळ्या, दोन दिवसांत वाळतात, तर दहा किती दिवसांत? "चार!" अंगणात जागा असेल तर दोनच रे, ऊन काय रांग लावून वाळवतं? आजी यावर काही बोलत नाही. आभाळाकडे बघते आणि पाचही साठं पडवीत ओढते.