रुय लोपेझमध्ये ‘फुकटचं प्यादं’ मिळत नाही

बुद्धिबळ शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक दावा फिरतोय: रुय लोपेझमध्ये (पांढरा तिसऱ्या खेळीला उंट बी५ वर आणतो, ती सुरुवात) काळ्याने तिसऱ्या खेळीला ए६ केलं की ई५ वरचं प्यादं जातंच. उंटाने सी६ वरचा घोडा मारायचा, रक्षक संपला, मग आपल्या घोड्याने प्यादं उचलायचं.

हे खरं नाही. पटावर मांडून बघा. काळा सी६ वर डी-प्याद्याने मारतो, आणि त्यामुळेच त्याच्या वजिराची वाट मोकळी होते. घोड्याने ई५ घेतलं रे घेतलं की वजीर डी४ वर! एकाच वेळी घोड्यावर आणि ई४ च्या प्याद्यावर नजर. घोडा एफ३ ला परतला, तर वजीर ई४ घेऊन शहही देतो. प्याद्यांचा हिशेब बरोबरीत, वर काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत.

गोंधळ कुठून येतो, तेही सांगतो. उंट-घोड्याच्या मारामारीनंतर पांढऱ्याने आधी कॅसलिंग केलं (एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या शेजारी), तर मात्र ई५ घेण्याची धमकी खरी होते. आता तोच क्रम झाला आणि वजिराने डी४ वरून ई४ घेतलं, की हत्ती ई१ वर येतो. वजिराच्या मागे राजा उभा, म्हणजे वजीर गेला. म्हणून काळा पाचव्या खेळीलाच एफ६ किंवा उंट जी४ असं काहीतरी करतो. अमेरिकन बुद्धिबळपटू बॉबी फिशरने 1966 च्या हवाना ऑलिम्पियाडमध्ये वापरला तो हाच कॅसलिंगचा क्रम. प्यादं लाटण्याची घाई त्यानेही केली नव्हती.