चिरंजीवांसाठी ग्रंथ कसा लिहावा

मुलगा हाताबाहेर चाललाय अशी कुणकुण लागली, तर त्याच्याशी बोलायला अजिबात जाऊ नका. बोलायला गेलात की तो उलट उत्तर देतो. ग्रंथ लिहा. रोममधले बाप हेच करायचे.

प्रस्तावनेत आधी ठोकून द्या की मुलांनीच फार हट्ट धरला. वक्तृत्वावर लिहिणाऱ्या थोरल्या सेनेकाने तसंच लिहिलंय. मग हल्लीची पोरं कशी आळशी, केसांची वळणं काढत बसणारी, नाचगाण्यात रमणारी, याची यथेच्छ उजळणी करा. पोरांनी हट्ट धरला होता ना?

जुन्या वळणाचा रोमन मुत्सद्दी थोरला केटो याच्यासारखे कडक असाल तर वैद्यकातही हात घाला. ग्रीक वैद्यांनी परक्यांना औषधं देऊन मारायची शपथ घेतलीय, तेव्हा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस, असं त्याने मुलाला बजावलं. स्वतःची सगळी भिस्त कोबीवर.

पण खरा आदर्श रोमचा नामांकित वक्ता आणि राजकारणी सिसेरोच. त्याचा एकुलता एक मुलगा मार्कस अथेन्सला क्रॅटिप्पस नावाच्या तत्त्वज्ञाकडे तत्त्वज्ञान शिकायला. खर्चाला रोममधल्या घरांचं भाडं. तिथे एका वक्तृत्वशिक्षकाच्या नादी लागला, तर बापाने पत्राने हुकूम सोडून ती संगत तोडली. इ.स.पू. 44 मध्ये सिसेरो पोराला भेटायला निघालाही होता, पण देशाने हाक मारली म्हणे, आणि स्वारी अर्ध्या वाटेवरून परतली. बदल्यात काय पाठवलं? ‘दे ऑफिकीस’, कर्तव्यावर तीन खंड! वर सल्ला असा की माझी भाषणं आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकंही नीट वाच. ही युक्ती उचलाच. आपल्या पुस्तकांना हक्काचा वाचक दुसरा कुठे मिळणार?

चिरंजीवही तयारीचे. बापाचा विश्वासू चिटणीस टायरो याला त्याने पत्र लिहिलं: आता मी पुरता सुधारलोय, फक्त टिपणं उतरवून घ्यायला एक लेखनिक पाठवून द्या, शक्यतो ग्रीक.

पुढे बाप मारला गेला, मुलगा इ.स.पू. 30 मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला. रोमन लेखक थोरला प्लिनी मात्र त्याची वेगळीच कीर्ती सांगतो: हा गडी एका दमात सहा लिटरहून जास्त वाइन रिचवायचा, आणि एकदा नशेत त्याने सेनापती अग्रिप्पाला पेला फेकून मारला. प्लिनीच्या मते, बापाचा मारेकरी अँटनी पिण्यात नावाजलेला, तो लौकिक तरी त्याच्याकडून हिसकावून घ्यावा, असा यामागे हेतू असावा.

तेव्हा चौथा खंडही हाताशी असू द्या.